कोन्या पायी पाहताना: टेकडीपासून हिरव्या घुमटापर्यंत

तुर्कस्तानच्या मध्यभागातील कोन्या शहराला बहुतेक पर्यटक अर्धा दिवस देतात. कप्पाडोकियाकडे जाणारी बस तेराव्या शतकातील सूफी संत-कवी मौलाना जलालुद्दीन रूमींच्या समाधीसमोर थांबते, तासाभरात हिरवा घुमट पाहून होतो आणि गाडी पुढे निघते. ज्यांना या शहरासाठी निदान दोन दिवस काढता येतील आणि ते पायी पाहण्याची तयारी आहे, अशांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच आहे. सुरुवात समाधीपासून करू नये. गावाच्या मध्यावर असलेल्या अलाएद्दिन टेकडीपासून निघावे, पूर्वेकडे चालत यावे आणि दुपार कलल्यावर समाधीपाशी पोहोचावे.

या आग्रहामागे कारण आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून १३०८ पर्यंत कोन्या ही अनातोलियातील, म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानातील, सेल्जुक या तुर्की घराण्याच्या सुलतानांची राजधानी होती. आजच्या अफगाणिस्तानातील बल्खच्या परिसरात १२०७ मध्ये जन्मलेले रूमी आपल्या वडिलांबरोबर, बहाउद्दीन वलदांबरोबर, फिरत फिरत १२२८ च्या सुमारास इथे आले, कारण सुलतान अलाउद्दीन कैकुबाद (पहिला) विद्वानांना आश्रय देत होता. १२४३ मध्ये कोसे दाअच्या लढाईत मंगोलांनी सेल्जुकांचा पराभव केला आणि सुलतान मांडलिक झाले. पुढच्याच वर्षी, १२४४ मध्ये, शम्स तबरीझी हे भटके सूफी कोन्यात आले आणि मदरशात शिकवणाऱ्या रूमींचे आयुष्य पार बदलून गेले. वैभव, पराभव आणि त्यानंतरची ही भेट हा सारा क्रम टेकडीपासून समाधीपर्यंतच्या जेमतेम सव्वा किलोमीटरच्या रस्त्यावर, दगडात आणि फरशांत वाचता येतो. तो वाचून समाधीपाशी गेलेला माणूस वेगळ्या मनाने आत शिरतो.

निघण्यापूर्वी

इस्तंबूलहून कोन्याला वेगवान रेल्वेने साधारण पाच तास लागतात आणि अंकाराहून दोन तासांपेक्षा कमी. सुट्टीच्या दिवसांत जागा लवकर भरतात, म्हणून तिकीट आधी काढावे. भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे त्यांना तो ऑनलाइन मिळू शकतो, इतरांना रीतसर अर्ज करावा लागतो. नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, कोरड्या पठारावर वसलेले आहे. चालण्यासाठी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. डिसेंबरात रूमींच्या पुण्यतिथीचा सोहळा असतो, पण तेव्हा थंडी कडाक्याची असते आणि हिमवर्षावही होतो, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्या स्वेटरवर भागणार नाही.

दिवसभरात सात-आठ वेळा पादत्राणे काढावी लागतील, म्हणून सहज निघणारे बूट, धड मोजे आणि बूट ठेवायला एक कापडी पिशवी जवळ असू द्यावी. मशिदीत स्त्रियांनी डोके झाकावे, स्त्री-पुरुष दोघांनीही खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. नमाजाच्या पाच वेळा ठरलेल्या असतात आणि त्या ऋतूप्रमाणे सरकतात. त्या दिवशीच्या वेळा सकाळीच पाहून ठेवाव्यात आणि नमाज चालू असताना आत हिंडू नये. शुक्रवारी दुपारी मशिदी पाहण्याचा बेत ठेवूच नये.

भाषेची धास्ती बाळगू नये. फारसी-अरबीतून मराठीत आलेले कितीतरी शब्द तुर्कीतही आहेत. दुकान, मैदान, हवा, साबण, हफ्ता, तारीख हे थोड्याफार फरकाने तिथेही चालतात. या फेरफटक्यात सतत भेटणारे 'त्युर्बे' म्हणजे आपली तुर्बत, 'क्युम्बेत' म्हणजे घुमट, आणि 'मेद्रेसे' म्हणजे मदरसा. एवढे शब्द ओळखले की रस्त्यावरच्या तपकिरी पाट्या वाचता येऊ लागतात.

टेकडीवर, सकाळी लवकर

अलाएद्दिन टेपेसी ही टेकडी नैसर्गिक नाही. कांस्ययुगापासून एकाच जागी वस्तीवर वस्ती होत गेली आणि त्या थरांची ही टेकडी झाली. आज तिथे झाडे, बाके आणि चहाच्या टपऱ्या आहेत, आणि टेकडीभोवती ट्राम वळसा घालते. सकाळच्या पहिल्या प्रहरात, शाळेची मुले आणि फिरायला आलेले वृद्ध यांच्या सोबतीने वर चढावे.

माथ्यावरच्या अलाएद्दिन मशिदीचे बांधकाम बाराव्या शतकात सुरू झाले आणि १२२१ च्या सुमारास कैकुबादाच्या काळात पूर्ण झाले. ती मोजूनमापून एकसंध बांधलेली इमारत नाही, वाढत गेलेल्या वाड्यासारखी आहे. नमाजाच्या दालनातील खांब रोमन आणि बायझंटाइन इमारतींतून आणलेले आहेत. एका खांबाचा माथा पानांनी मढवलेला, शेजारच्याचा साधा, तिसऱ्याची उंची कमी म्हणून खाली दगड दिलेला, असे एकेक करून ते पाहावेत, कारण या शहरावर कोणकोणाचे राज्य होऊन गेले याची ती यादीच आहे. मिंबर, म्हणजे प्रवचनाचा जिना, आबनूस लाकडाचा असून तो ११५५ चा आहे. लाकडाचे बहुकोनी तुकडे खोबणीत बसवून त्याची नक्षी जुळवली आहे. त्याच्या अगदी जवळ जाऊन, हात न लावता, दोन तुकड्यांमधला सांधा नजरेने शोधून पाहावा. अंगणातल्या दशकोनी घुमटाखाली सेल्जुक सुलतानांच्या तुर्बती आहेत.

टेकडीच्या पायथ्याशी सेंट पॉलचे छोटे कॅथलिक चर्च आहे. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे असले तरी त्यामागची आठवण फार जुनी आहे. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या भागात पॉल ज्या इकुन्य नगरात उपदेश करून गेला, ते हेच कोन्या.

दोन मदरसे: इथे घाई करू नये

पूर्ण दिवसात फक्त दोन ठिकाणी खराखुरा वेळ काढता येणार असेल, तर तो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन मदरशांसाठी काढावा. समाधीपाशी गर्दी आपल्याला पुढे ढकलत असते. इथे बहुधा शांतता मिळते.

पश्चिमेकडचा इंजे मिनारेली मदरसा, म्हणजे 'सडपातळ मिनाराचा मदरसा', वजीर साहिब अता फखरुद्दीन अली याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, अध्ययनासाठी बांधवला. शिल्पी केलुक बिन अब्दुल्ला. ज्या मिनारावरून नाव पडले तो १९०१ मध्ये वीज पडून कोसळला आणि आज त्याचा खालचा भाग तेवढा उरला आहे. आत शिरण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून प्रवेशद्वार संपूर्ण पाहावे आणि मगच जवळ जावे. दाराच्या दोन्ही बाजूंनी अक्षरांच्या दोन पट्ट्या वर चढतात, दारावर एकमेकींत गुंफून गाठ घालतात आणि तशाच माथ्यापर्यंत जातात. या पट्ट्यांवर कुराणातील यासीन आणि फतह या सुरा कोरलेल्या आहेत. दगड इथे दगडासारखा वागतच नाही, फीत गुंडाळावी तसा वळतो. आत आता दगडी आणि लाकडी कोरीवकामाचे संग्रहालय आहे. त्यात कोन्याच्या पाडल्या गेलेल्या तटबंदीवरचे पंखधारी देवदूत आणि दोन डोक्यांचा गरुड आहे. इस्लामी कलेत सजीव आकृती नसतात असे ठाम मत घेऊन येणाऱ्याने हे देवदूत अवश्य पाहावेत. दुरुस्तीसाठी आतला भाग बंद असला तरी प्रवेशद्वारासाठी यावेच.

तिथून टेकडीला उजवीकडे ठेवून चालत गेले की उत्तरेला करताय मदरसा लागतो. तो १२५१ मध्ये अमीर जलालुद्दीन करताय याने बांधवला. पराभवाला आठ वर्षे झाली होती, खंडणी मंगोलांकडे जात होती, आणि तरीही या लोकांनी शाळेसाठी असा घुमट उभारला. आत गेल्यावर मधल्या चौकोनी हौदाच्या काठाशी उभे राहून मान वर करावी. फिरोजी आणि काळसर रंगाच्या चकचकीत तुकड्यांनी घुमटभर चोवीस टोकांच्या ताऱ्यांचे जाळे विणले आहे. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवताना चारही कोपऱ्यांत पाच-पाच लांबट त्रिकोणांचे पंखे उघडले आहेत आणि त्या त्रिकोणांवर पैगंबरांची व खलिफांची नावे कोनदार अक्षरांत आहेत. काही जागी फरशा गळून पडल्या असून खालची वीट दिसते. तीही पाहावी, कारण त्या उघड्या जागेत कारागिराने तुकडा कसा बसवला असेल ते समजते. शेजारच्या खोल्यांत कैकुबादाच्या कुबादाबाद राजवाड्यातून सापडलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या फरशा मांडल्या आहेत. त्यांवर मासे, मोर आणि माणसाचे डोके असलेले पक्षी आहेत. बांधवणारा करताय याच इमारतीत एका लहानशा खोलीत चिरनिद्रा घेत आहे.

रस्त्याने पूर्वेकडे

टेकडीपासून समाधीपर्यंत सरळ जाणाऱ्या रस्त्याचे नावच मेव्लाना जाद्देसी आहे ('मेव्लाना' म्हणजे मौलाना). न थांबता चालल्यास वीस मिनिटे लागतात. आपण तीन-चार तास लावणार आहोत.

पहिली लागते ती विटांची, बुटकी, साधी इप्लिकची मशीद. 'इप्लिक' म्हणजे सूत, आणि हे नाव इथल्या सूतबाजारावरून पडले. बाहेरून लक्ष वेधण्यासारखे काही नाही, पण याच परिसरातल्या अल्तुनआबा मदरशात रूमींच्या वडिलांनी आणि पुढे रूमींनी अध्यापन केले अशी परंपरा आहे. थोडे पुढे सरकारी कचेरीच्या चौकाजवळ शेराफेत्तिन मशीद आहे. मूळ तेराव्या शतकातली ही मशीद १६३६ मध्ये ऑटोमन पद्धतीने पुन्हा बांधली गेली, ती धावती पाहिली तरी चालेल.

तिच्या उत्तरेला एका बागेत शम्स तबरीझींची मशीद आणि तुर्बत आहे. रूमींच्या समाधीपाशी जाण्याआधी इथे यावे, असा तिथल्या भाविकांचा रिवाज आहे आणि तो मला अगदी रास्त वाटतो. मौलानांना मौलाना केले ते या माणसाने. शम्स १२४७ च्या सुमारास कोन्यातून कायमचे नाहीसे झाले. त्यांचा खून झाला असे काहींचे म्हणणे, ते निघून गेले असे इतरांचे, आणि इराणमधल्या खोय गावातही त्यांची कबर दाखवतात. म्हणून इथे खरोखर कोण पुरले आहे या प्रश्नात न अडकता थोडा वेळ गालिच्यावर बसावे. खोली लहान, लाकडी छताची आहे. लोक येतात, ओंजळ पुढे धरून पुटपुटतात, तोंडावरून हात फिरवून उठतात. पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर पडणारी म्हातारी माणसे पाहून आपल्याकडचे समाधिमंदिर आठवल्यावाचून राहत नाही.

मग रस्ता ओलांडून दक्षिणेकडच्या बाजारात शिरावे. सोनार, जोडे विकणारे, धान्याच्या गोण्या, जपमाळांची दुकाने आणि पांढऱ्या, तोंडात विरघळणाऱ्या 'मेव्लाना शेकेरी' या साखरेच्या गोळ्यांचे ढीग हे सारे इथे आहे. बाजारातच कापू मशीद आहे आणि पुढे अझिझिये. १८६७ च्या आगीत जुनी मशीद जळाल्यावर अझिझिये नव्याने बांधली गेली आणि १८७६ मध्ये पूर्ण झाली. दारांपेक्षा मोठ्या खिडक्या असलेली मशीद अशी तिची ख्याती आहे. सकाळपासून जाड भिंतींच्या सेल्जुक इमारती पाहिलेल्या डोळ्यांना तिथला भरपूर उजेड आणि मिनारांवरचे छत घातलेले सज्जे परके वाटतात. मधल्या सहाशे वर्षांत दिल्लीपासून व्हिएन्नापर्यंतचे जग किती बदलले ते त्या उजेडात कळते.

जेवण याच बाजारात करावे. इथला नावाजलेला पदार्थ एतली एकमेक. हात-दीड हात लांब, पातळ पोळीवर खिमा पसरून ती लाकडाच्या भट्टीत भाजतात. तुर्कीत पावाला 'एकमेक' म्हणतात, आणि हा शब्द मराठी माणूस विसरणे शक्य नाही. 'एत' म्हणजे मांस, 'एत्सिझ' म्हणजे मांसाशिवाय. शाकाहारी मंडळींनी चीज घातलेली पोळी आणि मसुराचे सूप मागावे, मात्र सुपात मांसाचा अर्क आहे का हे स्पष्ट विचारून घ्यावे. वाळवलेल्या बारीक भेंड्यांचे 'बाम्या चोर्बासी' नावावरून शाकाहारी वाटते, पण त्यात बहुधा मांस असते. मद्य या शहरात सहसा मिळत नाही, त्याची चौकशीही करू नये. ताकासारखे 'आयरान' प्यावे.

हिरव्या घुमटाखाली

बाजारातून बाहेर पडले की उंच मिनारांची सेलिमिये मशीद समोर येते. ऑटोमन सुलतान दुसऱ्या सेलीमने राजपुत्र असताना १५५८ मध्ये तिचे काम सुरू करवले. तिच्या शेजारी पन्हाळीदार, फिरोजी घुमट आहे. रूमींचे निधन १७ डिसेंबर १२७३ रोजी झाले आणि पुढच्या वर्षी या वास्तूला सुरुवात झाली. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने सर्व सूफी मठ बंद केले, त्यानंतर हा मठ संग्रहालय झाला. म्हणून इथे पाट्या, पहारेकरी आणि काचेच्या पेट्या आहेत, आणि त्याच जागी डोळे मिटून प्रार्थना करणारी माणसेही आहेत. या दोहोंमधला ताण लक्षात ठेवावा. प्रवेश विनामूल्य आहे. छायाचित्रांबाबत त्या दिवशीची पाटी पाळावी, आणि परवानगी असली तरी प्रार्थना करणाऱ्याच्या तोंडासमोर फोन धरू नये.

आवारात शिरल्यावर सगळे थेट समाधीकडे वळतात. आपण आधी स्वयंपाकघराकडे, 'मतबाह'कडे वळावे. मौलवी पंथाचा, म्हणजे मौलाना रूमींच्या अनुयायांच्या सूफी पंथाचा, खरा गुरुकुल-वर्ग हाच होता. नवा आलेला उमेदवार दाराजवळच्या कातड्यावर तीन दिवस गप्प बसून आतले काम पाहत असे. त्यानंतरही त्याची इच्छा टिकली, तर १,००१ दिवस सेवा. लाकडे आणणे, भांडी घासणे, झाडणे, वाढणे. 'समा'साठी, म्हणजे गिरक्या घेत केल्या जाणाऱ्या प्रार्थनेसाठी, लागणाऱ्या गिरकीचा सरावही इथेच होई. फळीत एक गुळगुळीत खिळा बसवलेला असे, डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत तो धरायचा, खाली मीठ टाकायचे आणि जागा न सोडता फिरायचे. या फळीसमोर दोन मिनिटे थांबले, तर संध्याकाळच्या समा सोहळ्यात पांढऱ्या घेरांकडे न पाहता नजर आपोआप पायांकडे जाते.

आवाराभोवती दरवेशांच्या, म्हणजे पंथाच्या साधकांच्या, खोल्या आहेत. त्या पाहून, बुटांवर प्लास्टिकची आवरणे चढवून समाधीदालनात जावे. सुलेखनाच्या खोलीतून १५९९ च्या रुपेरी दारापाशी पोहोचतो आणि पुढे डाव्या-उजव्या बाजूंना साठाहून अधिक थडग्यांची रांग दिसते. ज्यांवर उंच टोपी आणि फेटा आहे ती पुरुषांची, ज्यांवर नाही ती स्त्रियांची. सर्वांत भव्य आवरण रूमी आणि त्यांचे पुत्र सुलतान वलद यांच्या थडग्यांवर आहे. शेजारची उंच, कोरीव लाकडी पेटी रूमींच्या वडिलांची. मुलाचे पार्थिव आणले तेव्हा वडील आदराने उठून उभे राहिले, अशी लोककथा सांगतात. प्रत्यक्षात ती अक्रोडाची पेटी आधी रूमींच्या थडग्यावर होती. सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतान सुलेमानाने रूमी आणि सुलतान वलद या बाप-लेकासाठी संगमरवरी थडगी करवली, तेव्हा ती रूमींच्या वडिलांच्या थडग्यावर हलवली गेली. मला दोन्ही हकिगती जवळच्या वाटतात.

पुढच्या दालनात रूमींच्या 'मस्नवी' या काव्यग्रंथाची १२७८ मधली प्रत आहे, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांत तयार झालेली. तिथे गर्दी साठते. संध्याकाळी बंद होण्याआधीच्या शेवटच्या तासात किंवा दुसऱ्या दिवशी दार उघडताच पुन्हा यावे, कारण एकाच भेटीत प्रार्थना आणि पाटी दोन्हीकडे लक्ष पुरत नाही.

समा पाहताना

समा सोहळा साधारणपणे शनिवारी संध्याकाळी मेव्लाना सांस्कृतिक केंद्रात होतो. समाधीपासून पूर्वेकडे पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. वेळ आणि प्रवेशिका आदल्या दिवशी विचारून ठेवावी. कोन्याचा बेत शनिवार धरूनच आखावा. डिसेंबरात १७ तारखेपर्यंत रोज सोहळे होतात. त्या शेवटच्या रात्रीचे नाव 'शब-ए-अरूस', म्हणजे लग्नाची रात्र. दर्ग्यावर भरणाऱ्या आपल्याकडच्या उरुसाचा अर्थही लग्नसोहळा असाच आहे.

प्रथम पैगंबरांचे स्तवन, मग नगाऱ्यासारख्या 'कुदुम'चा ठोका, मग बासरीसारख्या 'नेय'चा एकटा सूर. दरवेश काळ्या झग्यात तीन फेऱ्या घालतात. काळा झगा म्हणजे थडगे, आतला पांढरा घेर म्हणजे कफन, उंच नमद्याची टोपी म्हणजे कबरीवरचा दगड. झगा उतरवून, छातीवर हात दुमडून ते गुरूपुढे वाकतात आणि फिरू लागतात. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. फेर चार होतात. मध्ये कोठेही टाळ्या वाजवू नयेत, आणि कुराणपठण संपेपर्यंत उठू नये.

दुसरा दिवस

सकाळी टेकडीच्या दक्षिणेकडे चालावे. १२४२ चा सिरचाली मदरसा, साहिब अताचा मशीद-समूह आणि त्याला लागून असलेले पुरातत्त्व संग्रहालय एका ओळीत होतात. संग्रहालयात हर्क्युलिसची बारा कामे कोरलेली रोमन शवपेटी आहे. तिच्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालावी. जवळच्या चाताल्होयुक या नवपाषाणयुगीन वस्तीतील वस्तूही इथे आहेत. ती जागा शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर, म्हणून तिच्यासाठी वेगळा दिवस लागेल.

दुपारी शहर बसने आठ किलोमीटरवरच्या सिल्ले गावी जावे. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीपर्यंत इथे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहत. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिने ३२७ मध्ये स्थापिले असे परंपरा सांगते ते आया एलेना चर्च आता संग्रहालय आहे. दारावरचा शिलालेख ग्रीक लिपीत आहे, पण भाषा तुर्की. गोव्यात सतराव्या शतकात ख्रिस्ती उपदेशासाठी मराठी रोमन अक्षरांत छापली गेली, हे ठाऊक असलेल्या वाचकाला या शिलालेखासमोर थांबावेसे वाटेल.

परतल्यावर उजेड शिल्लक असेल, तर मेराम भागातली एक छोटी तुर्बत गाठावी. ती रूमींच्या स्वयंपाक्याची, आतेशबाझ वलींची, १२८५ मधली आहे. लाकडे संपली तेव्हा त्यांनी स्वतःचे पाय चुलीत घातले आणि अन्न शिजवले, अशी त्यांची कथा सांगतात. भाविक इथे मीठ आणून ठेवतात आणि जाताना घरच्या डब्यात मिसळायला चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत बांधून नेतात.